स्टेपनी गेली तर गुन्हा की नुसती एनसी? काटेवाडी-इंदापूर पट्ट्यातल्या गाडीवाल्यांनी साखळीसोबत बिलही जपावं

काटेवाडी (ता. बारामती) : गाडी चोरीला गेली तर गावभर बोभाटा होतो. फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, पोलीस पाटलाला फोन जातो, पाहुण्यारावळ्यांना कळवलं जातं. पण गाडी जागेवर आणि खालची स्टेपनी तेवढी गायब, असं झालं की मालक दोन शिव्या हासडतो, नवा किंवा जुना टायर घेतो आणि कामाला लागतो. ठाण्यात जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार, खेप बुडणार, आणि हाती काय लागणार, हा त्याचा हिशेब. चोरालाही हा हिशेब पाठ असतो.

बारामती-इंदापूर रस्त्यावर काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी या पट्ट्यात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण इथं घराघरात चाकं आहेत. ऊस वाहणारे ट्रक, दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, दुधाचे पिकअप, भाजीपाल्याचे छोटे हत्ती, एमआयडीसीला कामगार नेणाऱ्या जीपगाड्या. यातल्या बहुतेक गाड्या बंद गॅरेजात राहत नाहीत. त्या अंगणात, रस्त्याकडेला, फडाच्या बांधावर नाहीतर कारखान्याच्या यार्डात रात्र काढतात. गाळप हंगामात तर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर रात्र रात्र उभे असतात आणि दिवसभर दमलेला चालक केबिनमध्ये किंवा ट्रॉलीखाली झोपलेला असतो.

त्यामुळे स्टेपनी कशी बांधायची, गेली तर काय करायचं, आणि ती विकत घेणारा कोण, हे तिन्ही प्रश्न एकत्रच बघावे लागतात. नुसत्या कुलपाने हे भागत नाही.

एका टायरची किंमत किती?

आधी पैशाचं बघू. मोठ्या ट्रकचा नवा रेडियल टायर २० हजारांच्या पुढे जातो. त्यात डिस्क धरली की आकडा आणखी वाढतो. ट्रॉलीचा, पिकअपचा टायर त्याहून कमी, पण डिस्कसकट बदलायचा म्हटलं तरी छोट्या गाडीवाल्याची आठवड्याची कमाई त्यात जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला. मोटारी-ट्रकच्या नव्या टायरांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर. थोडा दिलासा मिळाला, पण चोरीला गेलेला टायर स्वस्तात परत आला असं कुणाला वाटत नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट रस्त्यावर घडते. ऊस भरलेली ट्रॉली रात्री पंक्चर झाली आणि स्टेपनी नसली, तर ती तिथंच उभी राहते. टायर काढून पंक्चरवाल्याकडे नेईपर्यंत दोन-चार तास, कधी सकाळ. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि पालखी मार्ग रुंद झाल्यापासून मागून येणाऱ्या गाड्यांचा वेग वाढलेला. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली की काय होतं, हे या पट्ट्यात कुणाला सांगायची गरज नाही. स्टेपनीची चोरी म्हणूनच 'किरकोळ' नाही. जे चाक अडचणीच्या वेळी गाडी रस्त्याच्या बाहेर काढतं, तेच चोर घेऊन जातो.

तिसरा भार पगारी चालकावर येतो. स्टेपनी गेली की मालक पहिली शंका चालकावर घेतो आणि पैसे पगारातून कापतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. मालकाने आधीच साखळी-कुलूप दिलं असेल, टायरचा नंबर लिहून ठेवला असेल आणि चोरीची फिर्याद दिली असेल, तर चालकावर विनाकारण बालंट येत नाही.

'स्टेपनी' हा शब्द आला कुठून?

सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर सोडवून ठिगळ मारावं लागे. १९०४ च्या सुमारास ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकावर अडकवता येईल असं तयार चाक काढलं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून त्या चाकाला 'स्टेपनी' नाव पडलं. तिकडे तो शब्द मागे पडला, आपल्याकडे मात्र पक्का रुजला.

आता काही नव्या मोटारींत स्टेपनी येतही नाही. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला जादा चाक नसलं तरी चालतं. ट्रक, पिकअप आणि ट्रॉलीवाल्यांना मात्र स्टेपनीशिवाय पर्याय नाही.

चोराला सोपी कुठली, अवघड कुठली?

स्टेपनी कुठे बसवली आहे, त्यावर धोका ठरतो.

डिकीच्या आत असलेली सगळ्यात सुरक्षित. काच फोडल्याशिवाय किंवा लॉक उघडल्याशिवाय हात जात नाही. सीएनजीच्या गाड्यांत मात्र सिलिंडर डिकीत आला की चाकाची जागा बदलते. टाटाच्या जुळ्या सिलिंडरच्या सीएनजी मोटारींत ते मागे बुडाखाली टांगलेलं असतं. सीएनजी गाडी घेताना हे वाकून बघून घ्यावं.

बुडाखाली टांगलेली, म्हणजे इनोव्हा, अर्टिगा, स्कॉर्पिओ यांच्यासारखी. तारेच्या केबलवर चाक लटकतं आणि पान्याने फिरवलं की खाली येतं. फिरवायचं भोक डिकीतून असेल तर बरं. पण केबल खालून उघडी असते आणि चांगला कटर असला तर ती तुटते.

मागच्या दारावर असलेली, म्हणजे बोलेरो, थार. चार-पाच नटांवर बसलेली, सगळ्यांना दिसणारी, आणि साध्या पान्याने निघणारी.

ट्रक, पिकअप, छोटा हत्ती यांची चासीखाली किंवा बाजूला कॅरियरवर. माणूस गाडीखाली सरपटत गेला की कुणाला दिसत नाही. नट गंजलेला नसेल तर काम लवकर उरकतं.

आणि ट्रॉलीची स्टेपनी. कधी पुढच्या दांड्याला दोरीने बांधलेली, कधी उसावर टाकलेली, कधी कोपीपाशी पडलेली. ही तर उचलायचीच बाकी असते.

बांधायची कशी?

कुठलंच कुलूप कायमचं अडवत नाही. कुलपाचं काम एवढंच, की चोराला वेळ लागला पाहिजे आणि आवाज झाला पाहिजे. रात्री रस्त्याकडेला गाडीखाली पडलेल्या माणसाला पाच मिनिटं जास्त लागली, तर तो शेजारची उघडी स्टेपनी बघतो किंवा निघून जातो.

साखळी घेताना हार्डवेअरच्या दुकानातली जनावर बांधायची साखळी घेऊ नये. ती हातातल्या कटरनेही तुटते. ८ ते १० मिलिमीटर जाडीची, कडक केलेल्या पोलादाची साखळी घ्यावी. कुलपाची दांडीही तेवढीच जाड असावी, नाहीतर साखळी भक्कम आणि कुलूप कच्चं असा प्रकार होतो. कुलपाचा जेवढा भाग बाहेर दिसतो, तेवढाच कटरला पकडायला मिळतो. म्हणून दांडी झाकली जाईल असं कुलूप बरं, किंवा त्यावर जाड पाइपचा तुकडा बसवावा.

साखळी डिस्कच्या भोकातून घालून चासीच्या आडव्या पट्टीभोवती घ्यावी. नुसत्या कॅरियरला बांधली तर कॅरियरचे नट काढून सगळंच नेता येतं. साखळी ताणून बांधावी, जमिनीकडे लोंबू देऊ नये. लोंबती साखळी जमिनीवर टेकवून घणाने तोडणं सोपं जातं. तिच्यावर जुनी सायकलची ट्यूब चढवली तर खडखडाट होत नाही आणि गंजही कमी लागतो. कुलपाच्या तोंडावर रबराची पट्टी लावली की चिखल आणि उसाचा पाचोळा आत जात नाही.

दारावरच्या आणि कॅरियरवरच्या स्टेपनीला लॉकनट बसवता येतो. त्याला वेगळ्या आकाराचा पाना लागतो, साध्या पान्याने तो फिरत नाही. तो पाना कुठे ठेवला हे चालकाला माहीत हवं. नाहीतर चोराऐवजी चालकच अडकतो. एक जादा चावी आणि लॉकनटचा पाना घरी ठेवावा. केबलवाल्या गाड्यांना केबलच्या जोडीला साखळी हवीच.

इथं दोन गोष्टींचा धोका ओळखावा. पहिली म्हणजे चासीच्या पट्टीवर कडी वेल्डिंग करून घेणं किंवा भोक पाडणं. त्या जागी चासी कमकुवत होते. त्यापेक्षा नट-बोल्टचा यू-क्लॅम्प बसवून घ्यावा आणि नटांची टोकं ठोकून पसरून घ्यावीत, म्हणजे ते सुटत नाहीत.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. साखळी अडकवायला डिस्कवर कडी लावायची म्हणून कुणी टायर बसवलेला असतानाच डिस्कवर वेल्डिंग करायला सांगतं. हे कधीही करू नये. आत हवा असो वा नसो, उष्णतेने आतल्या रबरातून वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. असे अपघात जगभर झाले आहेत आणि त्यात वेल्डिंग करणारे दगावले आहेत. डिस्कला काही करायचं असेल तर आधी टायर पूर्ण उतरवावा.

आणि महिन्यातून एकदा तरी स्टेपनी सोडून बघावी. कुलूप गंजलं, चावी फिरेना आणि टायरमध्ये हवाच नाही, हे रात्री दोन वाजता लासुर्ण्याच्या रस्त्यावर कळून काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला, त्यातलीच ही गत. हवा तपासावी, केबलला ग्रीस लावावं, कुलपात तेल सोडावं.

ओळख पटली नाही तर सापडूनही परत मिळत नाही

पोलिसांनी टायर पकडले तरी हा टायर अमक्याचाच, हे कसं सिद्ध करणार? काळं चाक काळ्या चाकासारखंच दिसतं. ओळख टायर गेल्यावर तयार करता येत नाही, ती आधीच करून ठेवावी लागते.

टायरच्या बाजूवर कंपनीचं नाव, साइज आणि अनुक्रमांक असतो. शिवाय चार आकडी तारीख असते. '२३२४' असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. या सगळ्याचे मोबाइलवर जवळून फोटो काढावेत आणि घरच्या कुणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवावेत, म्हणजे मोबाइल हरवला तरी ते राहतात. जुन्या वाहतूकदारांची सवय चांगली होती. ते टायरवर आणि डिस्कवर गाडीचा नंबर टाकायचे. डिस्कच्या मधल्या सपाट भागावर अक्षर-पंचाने नंबर ठोकता येतो, तेही टायर उतरवलेला असताना. टायर जिथं बसतो त्या कडेला हात लावू नये. टायरवर तापलेल्या लोखंडाने खोल नंबर उमटवायचा मोह टाळावा, रेडियल टायरची बाजू पातळ असते. पक्का रंग वापरला तरी भागतं.

टायर रिमोल्ड झाला तरी बदलतो तो वरचा, रस्त्याला घासणारा भाग. बाजूचा भाग तोच राहतो आणि बऱ्याचदा त्यावरचा नंबरही राहतो. म्हणून फोटो कामाचे.

पाच हजारांची रेघ

आता कायद्याचं, कारण खरी गोम इथं आहे आणि ती फार कमी गाडीवाल्यांना माहीत आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. पूर्वीचं चोरीचं कलम ३७९, ते आता कलम ३०३(२) झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यात एक नवी तरतूद आली. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. अशी पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे पोलीस एनसी नोंदवतात, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत.

हे स्टेपनीला कसं लागू होतं? समजा ट्रॉलीचा टायर चार वर्षं वापरलेला आहे आणि बिल नाही. ठाण्यात विचारलं, किंमत किती? मालक भिडेखातर म्हणतो, "असेल तीन-चार हजाराचा." तेवढ्या एका वाक्याने दखलपात्र गुन्हा अदखलपात्र होऊ शकतो. तोच मालक टायरचं बिल, डिस्कचं बिल, बसवलेली तारीख आणि फोटो घेऊन गेला आणि डिस्कसकट खरी किंमत सांगितली, तर आकडा बऱ्याचदा पाच हजारांच्या वर जातो. खोटी किंमत फुगवायची नाही, पण डिस्क, ट्यूब, तुटलेली साखळी-कुलूप हे सगळं मोजायचं विसरायचंही नाही.

म्हणून टायर घेताना दोनशे रुपये वाचवायला 'बिल नको' म्हणणं महागात पडतं. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्यावं, त्यावर टायरचा नंबर लिहून घ्यावा आणि त्या बिलाचा फोटो काढावा, कारण छापील बिलावरची शाई वर्षभरात उडते.

मालवाहू गाडीवाल्यांसाठी आणखी एक कलम महत्त्वाचं आहे. न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या वाहनातून वस्तू चोरण्यासाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली आहे. तिथं पाच हजारांची अट नाही. स्टेपनीच्या चोरीला ३०३ लावायचं की ३०५, हे पोलीस आणि पुढे न्यायालय ठरवतं. पण गाडी मालवाहतुकीची आहे, तिचा नंबर अमुक, आणि स्टेपनी तिच्या कॅरियरला कुलपाने बांधलेली होती, हे फिर्यादीत स्पष्ट लिहून द्यायला हवं. त्याशिवाय त्या कलमाचा विचारच होणार नाही.

ठाण्यात गेल्यावर काय मागायचं?

याच रस्त्यावर बारामती तालुका आणि वालचंदनगर या पोलीस ठाण्यांची हद्द बदलते. रात्री ट्रॅक्टर काटेवाडीत होता, मग भवानीनगरला गेला, स्टेपनी नेमकी कुठे गेली कळत नाही, असं होऊ शकतं. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवणं नव्या कायद्यात बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. खबर ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्याने नोंद घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथंही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

एक सावधगिरी. 'गहाळ झाल्याचा' दाखला आणि चोरीची फिर्याद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखळी तोडून नेलेलं चाक गहाळ होत नसतं, ते चोरीलाच गेलेलं असतं. तुटलेली साखळी, कापलेली केबल उचलून फेकून देऊ नये. आधी फोटो काढावा, मग ती ठाण्यात दाखवावी.

"नोंद करून टायर मिळतो का?" हा प्रश्न रास्त आहे. दर वेळी मिळत नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक तक्त्यात वाहनचोरीला स्वतंत्र रकाना असतो आणि स्टेपनी 'इतर चोऱ्यां'च्या ढिगात जाते. त्यातही लोक नोंदच करणार नसतील, तर कागदावर या पट्ट्यात स्टेपनी चोरीच होत नाही असं दिसतं. गस्तीची गाडी कुठे फिरवायची, हे नोंदीवरून ठरतं. एका गावातून महिन्यात पाच नोंदी गेल्या तर त्यांची एकत्र दखल घ्यावी लागते.

विमा उतरवलाय म्हणून निश्चिंत राहू नका

थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचं काहीच मिळत नाही. ट्रक-पिकअपच्या फुल विम्यातही प्रमाणित अटींत असं म्हटलेलं असतं, की गाडीसोबत चोरीला गेलेले नसतील तर सुट्या साहित्याच्या चोरीची भरपाई नाही. गाडी जागेवर आणि स्टेपनी गेली, यात ती अट नेमकी आडवी येते. मोटारीच्या पॉलिसीत दावा बसला तरी टायर-ट्यूबवर ५० टक्के घसारा धरतात, वरून सक्तीची वजावट कापतात, आणि दावा केल्यामुळे पुढच्या वर्षीचा 'नो क्लेम बोनस' जातो. हिशेब केला तर हाती येणाऱ्यापेक्षा जाणारंच जास्त. ट्रॉलीचा तर अनेकांनी स्वतंत्र विमा काढलेलाच नसतो. पॉलिसी नव्याने घेताना एजंटाला हा प्रश्न सरळ विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

गिऱ्हाईक कोण?

चोर स्टेपनी घरात सजवून ठेवायला नेत नाही. त्याला गिऱ्हाईक लागतं. ते गिऱ्हाईक म्हणजे कुणीतरी गाडीवालाच असतो, ज्याला निम्म्या भावात 'जवळजवळ नवा' टायर मिळाला म्हणून आनंद झालेला असतो. आज त्याने स्वस्तात घेतला, उद्या त्याचाच जातो.

न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून तो घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'मानायला कारण' हे शब्द महत्त्वाचे आहेत. अनोळखी माणूस, रात्रीची वेळ, बिल नाही, डिस्कवरचा नंबर घासलेला आणि भाव निम्मा, एवढं समोर असताना "मला काय माहीत" हे उत्तर टिकत नाही. चोरीच्या मालाचा सराईत धंदा करणाऱ्याला तर जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे.

पंक्चरवाले, रिमोल्डवाले आणि भंगारवाले यांच्याकडे संशयाने बघायचं कारण नाही. त्यातले बहुतेक पोटासाठी प्रामाणिकपणे राबतात. पण एक साधी वही त्यांनाही वाचवते. जुना टायर घेताना विकणाऱ्याचं नाव, मोबाइल, गाडीचा नंबर आणि टायरचा नंबर लिहायचा, ओळखपत्राचा फोटो घ्यायचा. देणारा नाव सांगायला कां-कूं करू लागला की तिथंच समजावं. गावाने आणि वाहतूकदारांनी ठरवलं की वही नसलेल्या ठिकाणी जुना टायर घ्यायचा नाही, तर सरकारी आदेशाची वाट बघावी लागणार नाही.

यार्ड, वारी आणि गस्त

हंगामात सगळ्यात जास्त चाकं एका जागी उभी असतात ती कारखान्यांच्या यार्डात आणि त्याबाहेरच्या रस्त्यावर. आत असलेल्या गाडीला निदान दिवा आणि पहारेकरी असतो. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉलीला काहीच नसतं. वाहतूक करार करताना वाहतूकदारांनी उजेड, कॅमेरा आणि रात्रीच्या पहाऱ्याची मागणी एकत्र मांडली, तर ती एकट्याच्या तक्रारीपेक्षा जड जाते. रांगेत शेजारी-शेजारी असलेल्या चालकांनी पाळीपाळीने जागं राहणं, हा बिनखर्चाचा उपाय तर आजच करता येतो.

आषाढी वारीतही हेच. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे सणसरचा मुक्काम. दिंड्यांचे ट्रक, पाण्याचे टँकर रात्री शेतात, रस्त्याकडेला लागतात. चालक दमलेले, गर्दी अनोळखी. दिंडी उतरते त्या गावाने ट्रक एका उजेडाच्या जागी लावून दिले आणि दोन पोरं पहाऱ्याला दिली, तर तीही सेवाच आहे.

गावात ग्रामसुरक्षा दल आहे, पोलीस पाटील आहेत, आणि ११२ नंबर रात्रंदिवस चालू असतो. गाडीखाली कुणी सरपटताना दिसलं तर आधी दिवे लावावेत, आरडाओरडा करावा, ११२ ला फोन करावा, दुचाकीचा नंबर टिपावा. हात मात्र उचलू नये. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने पुणे जिल्ह्यातली गावं रात्रभर जागी होती. अशा वेळी अनोळखी माणूस दिसला की जमाव जमायला वेळ लागत नाही. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले गावात चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. आपल्याकडे हंगामात बीड-अहिल्यानगरकडच्या तोडणी टोळ्या येतात. त्यांची माणसं रात्री-अपरात्री फडावरून कोपीकडे जातात. टायरापायी त्यांच्यावर हात पडला, तर नुकसान टायरच्या किमतीत मोजता येणार नाही.

आज संध्याकाळी करण्यासारखं

यातलं बरंचसं काम अर्ध्या तासाचं आहे. गाडी लावताना दारावरची स्टेपनी भिंतीला भिडेल अशी मागे घ्यावी, बुडाखालची असेल तर गाडी उजेडात लावावी. टायरचा नंबर, डिस्क, कुलूप यांचे फोटो काढावेत. जुनं बिल शोधावं, सापडलं नाही तर दुकानदाराकडून दुसरी प्रत मागावी. साखळी कॅरियरला आहे की चासीला, हे वाकून बघावं. चावी चालकाकडे एक, घरी एक. आणि गावच्या ग्रुपवर पुढच्या वेळी "स्वस्तात टायर आहे, कुणाला पाहिजे का" असा मेसेज आला, तर भाव विचारायच्या आधी टायरचा नंबर आणि बिल मागावं.